हिमऋतूचा कौल लावणारा गणिती

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. रोज हजारो पुणेकर त्या चौकातून ये-जा करतात. पण हिमालयातल्या त्या दूरच्या गावाचे नाव पुण्याच्या चौकाला कसे चिकटले, याचा विचार सहसा कोणी करत नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय पूर्वी सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यात हलवण्यात आले, त्यासाठी मनोऱ्याची देखणी दगडी इमारत उभी राहिली आणि सिमल्याहून आलेले ते सिमला ऑफिस, असे साधे बारसे लोकांनीच करून टाकले. या खात्याची धुरा वीस वर्षे वाहिलेले सर गिल्बर्ट वॉकर मात्र पुण्याच्या इमारतीत कधी बसले नाहीत. ती उभी राहण्याच्या चार वर्षे आधीच ते निवृत्त होऊन मायदेशी परतले होते. सिमल्यात बसून त्यांनी मोसमी पावसासाठी आकडे जुळवले. पण त्या आकड्यांचा खरा लाभ झाला तो बर्फाची वाट पाहणाऱ्या दूरदेशीच्या माणसांना. ही माणसे म्हणजे स्कीइंगच्या हंगामावर जगणारी माणसे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतराजीत आणि युरोपात आल्प्सच्या कुशीत अशी कितीतरी गावे आहेत, की ज्यांची वर्षाची कमाई हिवाळ्यातल्या चार-पाच महिन्यांवर अवलंबून असते. बर्फ वेळेवर आणि भरपूर पडला तर उतारांवर गर्दी, हॉटेले भरलेली. बर्फाने दगा दिला तर रज्जुमार्ग रिकामे आणि हंगामी कामगार घरी. हंगामाचे पास तर पहिला बर्फ पडण्याआधीच विकायचे असतात. किती माणसे कामावर घ्यायची, कृत्रिम बर्फ फवारणाऱ्या यंत्रांवर किती खर्च करायचा, हे सारे हिवाळा दूर असतानाच ठरवावे लागते. त्यामुळे यंदाचा हिवाळा कसा जाईल, हा तिथला प्रश्न आपल्याकडच्या पावसाच्या प्रश्नाइतकाच जिव्हाळ्याचा आहे. आपल्याकडे नक्षत्राचे वाहन हत्ती आहे की बेडूक हे पाहतात, टिटवीने अंडी कुठे घातली याची चौकशी करतात, बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते. अमेरिकेत केसाळ सुरवंटाच्या अंगावरचा तपकिरी पट्टा किती रुंद आहे, यावरून हिवाळा कडक की सौम्य हे सांगण्याची जुनी रीत आहे. पण गेल्या काही दशकांत या सगळ्या आडाख्यांच्या आधी एक प्रश्न विचारला जातो. यंदा प्रशांत महासागरात एल निनो आहे की ला निना? या प्रश्नाचे मूळ शोधत गेले की आपण सिमल्याच्या त्या ऑफिसात, वॉकर यांच्या टेबलापाशी येऊन पोहोचतो.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यातील रॉचडेल या गावी झाला. वडील अभियंता होते. पुढे हे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडनला स्थायिक झाले. शिष्यवृत्ती मिळवून गिल्बर्ट लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत दाखल झाले. गणिताची गोडी आणि स्वतःच्या हाताने वस्तू घडवून पाहण्याची हौस या दोन्ही गोष्टी तिथे एकदमच वाढीस लागल्या. वेगाने फिरणारी चकती आपला तोल आपणच कसा सांभाळते, हे समजून घेण्यासाठी त्यांनी शाळकरी वयातच एक जायरोस्कोप तयार केला होता. १८८६ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर ठरले. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ साली, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच मान मिळवला आणि रँग्लर हा किताब महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला.

या यशाची किंमत वॉकर यांना लगेचच मोजावी लागली. अतिश्रमाने १८९० मध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढचे तीन हिवाळे त्यांना हवापालटासाठी स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. त्या काळी आल्प्समधली गावे ही मुख्यतः आजाऱ्यांची गावे होती. कोरड्या थंड हवेत बरे होण्यासाठी इंग्लंडमधून माणसे तिथे येत आणि वेळ घालवायला गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करत. पायाला लाकडी पट्ट्या बांधून डोंगर उतरण्याचा स्कीइंगचा प्रकार तिथे तेव्हा नुकता रुजू पाहत होता. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी डावोसहून अरोसापर्यंतचा डोंगर स्कीवरून पार केला तो १८९४ साली. वॉकर या मुक्कामात स्केटिंगमध्ये चांगलेच तरबेज झाले. पुढे ज्यांच्या कामावर बर्फाच्या हंगामाचे भाकीत उभे राहायचे होते, त्यांची बर्फाशी पहिली गाठ अशी आजारपणात पडली, हा एक योगायोगच.

प्रकृती सुधारल्यावर ते केंब्रिजला परतले आणि अध्यापनात रमले. विद्युतचुंबकीय क्षेत्रावरील गणिती निबंधासाठी त्यांना मानाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. पण विद्यार्थ्यांमध्ये ते ओळखले जात ते बूमरँग वॉकर म्हणून. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे फेकून परत येणारे हे लाकडी हत्यार कॉलेजामागच्या हिरवळीवर फेकत ते तासन्‌तास घालवत. हा नुसता खेळ नव्हता. बूमरँग परत का येते, याचे गणित त्यांनी १८९७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. फिरणारी, झुलणारी, जिथून निघाली तिथे परत येणारी कोणतीही वस्तू दिसली की वॉकर तिच्यामागे लागत. आयुष्यभर टिकलेला हाच छंद पुढे त्यांना जगाच्या वातावरणातले मोठे झोके ओळखायला उपयोगी पडला.

इकडे हिंदुस्थानात एक जुना आणि जीवघेणा प्रश्न सरकारपुढे उभा होता. १८७६ ते १८७८ या काळातल्या दुष्काळाने दख्खन आणि दक्षिण भारत उद्ध्वस्त केला. मृतांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेल्याचे मानले जाते. पाऊस कधी दगा देणार हे आधी कळले तर निदान धान्याची तजवीज करता येईल, या आशेने १८७५ साली नुकत्याच स्थापन झालेल्या हवामान खात्याकडे सर्वांचे डोळे लागले. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी एक कल्पना मांडली, आणि ती होती बर्फाची. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर जादा बर्फ साठला की जमीन तापायला वेळ लागतो, उत्तरेकडून कोरडे वारे वाहत राहतात आणि पुढचा पाऊस अशक्त होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. या आधारावर १८८२ पासून त्यांनी प्रायोगिक अंदाज दिले आणि १८८६ साली हा अंदाज खात्याचा नियमित उपक्रम झाला. सबंध ऋतूचा अंदाज बांधण्याचा सरकारी पातळीवरचा हा जगातील अगदी सुरुवातीचा प्रयत्न. त्याचा पहिला आधार पर्वतावरचा बर्फ होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले सर जॉन एलियट यांनी अंदाजाचा व्याप वाढवला. त्यांचे अंदाज कित्येक पानांचे असत. पण १८९९ साली चांगल्या पावसाची आशा त्यांनी दाखवली आणि प्रत्यक्षात पाऊस भीषण ओढ देऊन बसला. संवत १९५६ मधला तो छप्पन्नचा दुष्काळ गुजरात, राजस्थानपासून मध्य भारत आणि दख्खनपर्यंत पसरला. खात्यावर टीकेची झोड उठली आणि त्यानंतर काही वर्षे हे अंदाज लोकांना न सांगता सरकारपुरते गोपनीय ठेवले जाऊ लागले. निवृत्तीच्या वेळी एलियट यांनी आपल्या जागी हवामानतज्ज्ञाऐवजी एका गणितज्ञाची निवड व्हावी यासाठी प्रयत्न केले. सांगोवांगीच्या संबंधांना आकड्यांची कसोटी लावणारा माणूस आता हवा होता. १९०४ च्या आरंभी वॉकर यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांच्याजवळ नव्हते. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

वॉकर यांनी पाहिले, की वातावरणाचे भौतिकशास्त्र अजून इतके प्रगत नाही की समीकरणे मांडून पुढचा ऋतू काढता यावा. मग उरतो तो अनुभव. पण तो मोजून तपासलेला हवा. सहसंबंध गुणांक हे तेव्हा नवे असलेले साधन त्यांनी हाती घेतले. दोन गोष्टी एकत्र वाढतात का, एक वाढली की दुसरी घटते का, की त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, हे हा गुणांक अधिक एक ते उणे एक या टप्प्यात एका आकड्याने सांगतो. जगभरच्या केंद्रांवरील हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर यांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. यंत्रे नव्हती, भारतीय कारकुनांनी कागदावर हाताने बेरजा-गुणाकार करून हे प्रचंड काम पार पाडले. त्या कारकुनांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, पण वॉकर यांचे सारे यश त्यांच्या खतावण्यांवर उभे आहे. १९०९ च्या सुमारास वॉकर यांनी पावसाच्या अंदाजाचे पहिले संख्याशास्त्रीय सूत्र तयार केले. त्यात हिमालयावरील बर्फाचा साठा, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेचा वायुभार आणि झांजिबारचा पाऊस असे घटक होते. ब्लॅनफर्ड यांचा बर्फ सूत्रात राहिला, परंतु चौघांतला एक म्हणून. डोंगरी भागातील अधिकाऱ्यांकडून येणारी बर्फाची माहिती किती ढोबळ असते, हे वॉकर जाणून होते.

त्यांचा खरा मोठेपणा त्यांच्या संशयी वृत्तीत होता. शेकडो जोड्या तपासल्या की त्यांतल्या काही निव्वळ योगायोगानेही जुळणार. शंभर माणसांनी नाणी उडवली तर एखाद्याला ओळीने छापच पडत जातो. म्हणून त्याच्या हातात सिद्धी असते असे नव्हे. आपण इतका शोध घेतो आहोत तर आपल्याला सापडलेला उत्तम संबंधही खोटा असू शकतो, हे ओळखून १९१४ साली त्यांनी अशा संबंधांसाठी अधिक कडक कसोटी सुचवली. सूर्यावरील डागांवरून पाऊस सांगण्याची तेव्हा मोठी टूम होती. वॉकर यांनी आकडे तपासले आणि तो संबंध फारच क्षीण असल्याचे दाखवले. जंगलतोडीमुळे हिंदुस्थानचे हवामान कायमचे बिघडले, असा बोलबाला होता. त्यालाही पुरावा नसल्याचे त्यांनी १९१० साली नोंदवले. अंदाजाचा कौल एका बाजूला पुरेसा झुकलेला नसेल तर काहीच न बोलावे, असे त्यांचे मत होते. ऋतूच्या अशा अदमासाला रोजच्या हवामानाच्या भाकिताहून वेगळे, अधिक सौम्य नाव असावे, असाही त्यांचा आग्रह असे. एलियट यांच्या कित्येक पानी अंदाजांनंतर ही मितभाषिता अनेकांना रुचली नसेल, पण खात्याची पत हळूहळू सावरली.

आकड्यांत बुडालेला हा अधिकारी माणसांची पारखही ठेवून होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये दौऱ्यावर मद्रासला गेले असता बंदर विभागाचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना आपल्या कचेरीतील एका कारकुनाच्या वह्या दाखवल्या. त्या वह्यांतले गणित पाहून वॉकर यांनी आपला हा प्रांत नसल्याचे प्रांजळपणे मान्य केले, पण या तरुणाला पोटाची चिंता न करता गणित करता यावे, अशी शिफारस मद्रास विद्यापीठाला तातडीने लिहून पाठवली. महिना तीस रुपयांवर काम करणाऱ्या त्या कारकुनाला महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. खात्यातही वॉकर यांनी जॉर्ज सिम्सन यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ जमवले. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेत हवामानतज्ज्ञ म्हणून गेलेले हेच सिम्सन. कामातून सवड मिळाली की वॉकर आकाशात पंख न हलवता तरंगणाऱ्या घारी-गिधाडांचे निरीक्षण करत आणि हवेचे वर चढणारे प्रवाह त्यांना कसे पेलतात, याचा हिशेब मांडत.

१९१८ साली पावसाने पुन्हा घात केला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशाला ग्रासले. दुष्काळ आणि रोग एकदम आले की काय होते, हे मुंबई इलाख्याने त्या वर्षी भोगले. १८७७, १८९९, १९१८. या तीनही वर्षी प्रशांत महासागराचे पूर्वेकडील विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा उबदार होते, म्हणजे एल निनो होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. वॉकर यांच्या हाती सागरी तापमानाच्या अशा नोंदी नव्हत्या. त्यांच्याजवळ होता हवेचा दाब, आणि त्या दाबातून त्यांनी समुद्राची ती चाहूल जवळजवळ हेरली.

१९२३ आणि १९२४ साली त्यांनी जागतिक हवामानावरील आपले दोन मोठे निबंध प्रसिद्ध केले. प्रशांत महासागरावर दाब वाढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागराच्या पट्ट्यात तो घटतो, आणि इकडे वाढला की तिकडे घटतो. जणू एका प्रचंड तराजूची दोन पारडी. नॉर्मन लॉकियर आणि त्यांचे पुत्र यांना हिंदुस्थान आणि दक्षिण अमेरिका यांच्यातील अशा उलटसुलट हालचालीची झलक आधीच दिसली होती. वॉकर यांनी तिचा विस्तार, तिचे बळ आणि तिचे परिणाम मोजले आणि तिला सदर्न ऑसिलेशन, म्हणजे दक्षिणेकडील आंदोलन, असे नाव दिले. उत्तर गोलार्धात असेच आणखी दोन झोके त्यांनी दाखवले. एक उत्तर प्रशांत महासागरावरचा, दुसरा उत्तर अटलांटिकवरचा. या दुसऱ्यात आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब एकत्र तीव्र होतात किंवा एकत्र मवाळ पडतात, आणि त्यावर युरोपचा हिवाळा हेलकावे खातो. ग्रीनलंडचा हिवाळा कडक असला की डेन्मार्कचा सौम्य असतो, हे अठराव्या शतकातल्या डॅनिश मिशनऱ्यांनाही जाणवले होते. वॉकर यांनी त्याला गणिताचे रूप दिले.

येथेच त्यांच्या आयुष्यातला मोठा उपरोध आहे. त्यांना पगार मिळत होता तो जूनमधल्या पावसाचा अंदाज देण्यासाठी. पण त्यांना सापडलेले आंदोलन मार्च ते मे या महिन्यांत सर्वांत डळमळीत असते. जुने चक्र विरत असते, नव्याने अजून आकार घेतलेला नसतो. नेमका याच काळात आपला अंदाज बांधावा लागतो. उलट पावसाळा संपेपर्यंत आंदोलनाने आपली बाजू घेतलेली असते आणि ती सहसा हिवाळाभर टिकते. मोसमी पाऊस हा आधीच्या घटनांवरून ओळखता येण्यापेक्षा पुढच्या घटनांची सूचना अधिक देतो, ही गोष्ट वॉकर यांच्या आकड्यांतून दिसत होती आणि त्यांच्या नंतरचे खातेप्रमुख सर चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली ती स्पष्ट मांडली. म्हणजे ज्या ऋतूसाठी वॉकर राबले, त्याने त्यांना हुलकावणी दिली. आणि ज्यासाठी त्यांना कोणी विचारलेही नव्हते, त्या परमुलखातील हिवाळ्याची किल्ली त्यांच्या हाती आली.

१९२४ मध्ये सर हा किताब घेऊन ते निवृत्त झाले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दहा वर्षे शिकवले. १९३२ साली ई. डब्ल्यू. ब्लिस यांच्यासह त्यांनी सदर्न ऑसिलेशनचा हिवाळी हिशेब नव्याने मांडला. त्यात बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता, ऑस्ट्रेलियातील डार्विन, सामोआ या ठिकाणांच्या जोडीला एक अनपेक्षित नाव होते, नैर्ऋत्य कॅनडाच्या हिवाळी तापमानाचे. उष्ण कटिबंधातल्या बेटांवरच्या दाबाचा कॅनडातल्या थंडीशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांना पडला. वॉकर यांच्याजवळ कारण नव्हते, फक्त आकडे होते. कारणाशिवाय आकडे म्हणजे योगायोग, असे मानणाऱ्या पुढच्या पिढीने त्यांचे निबंध कपाटात ठेवले. वॉकर बासरीच्या रचनेत सुधारणा करण्यात आणि इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांच्या अभ्यासात रमले. कालमालिकांच्या अभ्यासासाठी उपयोगी पडणारी जी समीकरणे आज यूल आणि वॉकर यांच्या जोडनावाने ओळखली जातात, त्यांतला वॉकर यांचा वाटा १९३१ चा. मोबाइल फोनवरचा आवाज थोडक्या आकड्यांत बसवून पाठवण्याच्या तंत्रातही ती वापरली गेली.

४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, सरे परगण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामातून जगाच्या हवामानाचा एखादा सिद्धान्त निघेल ही आशा फळाला येताना दिसत नाही, असा सूर त्यांच्यावरील मृत्युलेखातही उमटला. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९५७-५८ च्या हिवाळ्यात, प्रशांत महासागरात मोठा एल निनो येऊन गेला होता आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षामुळे तो प्रथमच नीट मोजला गेला. त्या नोंदींवरून लॉस एंजेलिस येथील याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली दाखवले, की पेरूच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमारास कोळ्यांना जाणवणारे उबदार पाणी आणि वॉकर यांचे सदर्न ऑसिलेशन ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. समुद्र वाऱ्याला ढकलतो, वारा समुद्राला. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या या चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले. मृत्यूनंतर अकरा वर्षांनी वॉकर यांच्या आकड्यांना कारण मिळाले.

स्कीइंगच्या हंगामाचा आजचा अंदाज या पायावर उभा आहे. एल निनोच्या हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारा उंचावरचा वेगवान वारा दक्षिणेकडे सरकतो. वादळे कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग, ॲरिझोना, न्यू मेक्सिको यांच्याकडे वळतात, आणि वॉशिंग्टन, मोंटाना, नैर्ऋत्य कॅनडा येथे हिवाळा उबदार आणि कमी बर्फाचा जाण्याचा संभव वाढतो. ला निना असली की चित्र साधारण उलटे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे टाहो सरोवराचा परिसर किंवा युटा येथे, कौल दोन्ही बाजूंना सारखाच. अमेरिकेच्या हवामान संस्थेचा हिवाळ्याचा अंदाज ऑक्टोबरच्या मध्याला येतो, तो संभाव्यतेच्या भाषेत. सरासरीहून अधिक, सरासरीइतके, सरासरीहून कमी, यांपैकी कशाची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. वॉकर यांना हीच भाषा अभिप्रेत होती.

२००९-१० चा हिवाळा हा त्यांच्या सिद्धान्ताचा जणू जाहीर प्रयोग ठरला. प्रशांत महासागरात एल निनो होता आणि फेब्रुवारीत नैर्ऋत्य कॅनडातल्या व्हँकूव्हरला हिवाळी ऑलिंपिक भरायचे होते. तेथील जानेवारी नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. सायप्रस पर्वतावरच्या स्पर्धांसाठी ट्रक आणि हेलिकॉप्टरमधून बर्फ आणावा लागला, उतारांना आकार देण्यासाठी खाली गवताच्या पेंढ्या रचाव्या लागल्या. १९३२ च्या तक्त्यातले नैर्ऋत्य कॅनडा हे कोडे साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर सुटताना पाहिले. त्याच हिवाळ्यात उत्तर अटलांटिकचे आंदोलन नोंदींतल्या सर्वांत खालच्या पातळ्यांपैकी एकीवर उतरले. ब्रिटन गोठले, आणि एरवी बर्फाची मारामार असलेल्या स्कॉटलंडच्या स्की केंद्रांना कित्येक वर्षांतला उत्तम हंगाम मिळाला. याच आंदोलनाने उलटी बाजू धरली तेव्हा, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आल्प्समधली गावे ओळीने काही हिवाळे बर्फाविना तळमळली होती. अटलांटिकचा झोका मात्र लहरी आहे. तो काही महिने आधी थोडाफार ओळखता येतो, हे ब्रिटिश हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवले ते अलीकडे, २०१४ साली.

कौल उलटाही पडतो. २०१५-१६ साली अत्यंत प्रबळ एल निनो होता. दक्षिण कॅलिफोर्निया चिंब होईल, अशी सर्वांची अपेक्षा होती, आणि तो भाग कोरडा राहिला. २०२२-२३ साली लागोपाठ तिसऱ्या हिवाळ्यात ला निना होती. कॅलिफोर्नियात तूट येण्याची शक्यता अधिक मानली गेली होती. प्रत्यक्षात सिएरा नेव्हाडा पर्वतावर इतका बर्फ कोसळला, की एप्रिलच्या आरंभी राज्यातील बर्फाचा साठा सरासरीच्या २३७ टक्के भरला आणि मॅमथ येथे ऑगस्टपर्यंत स्कीइंग चालू राहिले. त्याच नववर्षाच्या दिवशी आल्प्समधले अनेक उतार विक्रमी उबेने हिरवे पडले होते. आपल्या गुलमर्गला जानेवारी २०२४ चा बराचसा काळ उतार उघडेबोडके राहिले आणि २०२५ मध्ये तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वादळांवर तिथला बर्फ अवलंबून असतो, आणि त्यांचा नेम आधीपासून धरणे आजही अवघड आहे. त्यातच पृथ्वी तापते आहे. मागच्या नोंदींवरून पुढचे सांगणाऱ्या प्रत्येक सूत्राचे गृहीतच असे असते, की उद्याचे जग कालच्यासारखेच असेल.

वॉकर यांना या धोक्याची जाणीव होती. जुळलेले संबंध पुढे टिकत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या हयातीत पाहिले. ब्लॅनफर्ड यांच्यापासून चालत आलेला हिमालयाचा बर्फ हा घटकही काळाच्या ओघात पावसाच्या सूत्रातून गळून पडला. म्हणूनच अंदाज कितपत खरा ठरू शकतो, हे अंदाजाबरोबरच सांगण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. चुकलेल्या एका अंदाजाची किंमत १८९९ साली लाखो माणसांनी मोजली होती, आणि त्याच खुर्चीवर ते पुढे वीस वर्षे बसले. कोलोरॅडोतल्या एखाद्या हॉटेलवाल्याची चूक इतकी महाग नसते. त्याचा फार तर एक हंगाम बुडतो. पण ऑक्टोबरात अंदाजाचा कागद हातात घेऊन किती माणसे कामावर ठेवावीत याचा विचार करणाऱ्या त्या हॉटेलवाल्याला, आणि मे महिन्यात बियाण्याचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला, सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. शक्यता किती ते ऐकावे, आणि उरलेल्या शक्यतेसाठीही थोडी तजवीज ठेवावी. सिमला ऑफिस चौकातून जाताना मनोऱ्याकडे नजर गेली, तर त्या इमारतीत कधीही न बसलेल्या या गणितज्ञाची आठवण व्हायला हरकत नाही.